उपासाचे दाणे

आई खलबत्त्यात उपासाचे दाणे कुटते तेव्हा वाटतं, कुणाचा तरी जीव घेतेय. परवाही तसेच दणदण घाव बसत होते, आणि तिच्या ओठावरचा फोड फुटून रक्त हनुवटीवर ओघळलं होतं. नवरात्र निम्मं सरलं की तिचा ओठ असाच पेटतो.

डॉक्टर तिला म्हणाले होते, "दाण्यांत आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. या फोडांचा विषाणू त्यावर माजतो म्हणतात. खात्री नाही, पण दाणे सोडून दूध-दही वाढवून बघा."

"देवीला दाणे चालतात, मग त्या मेल्याला माजायला काय झालं?" मी त्याची आठवण करून दिली तशी आईने बत्ता आपटला.

माणूस उपाशी राहतो आणि त्याच्या नसांत दडून बसलेला शत्रू पोटभर जेवतो. व्रत असं करणाऱ्याच्याच अंगावर धावून आलं, तर राग काढायचा कुणावर? आई तो दाण्यांवर काढत होती.

"बंद कर हा उपास!" मी ओरडलो.

"तुझ्या ऑपरेशनच्या वेळी देवीला नवस बोलले होते. जगलास ना?"

ती हसली, आणि ओठ पुन्हा फाटला.