काही करत नाही तो

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही मी या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, मंदाशी तुमची गाठ पडणार नाही. आणि खरं सांगू? लपवून ठेवण्याचाही आता कंटाळा आलाय.

गोष्ट एका कुत्र्याची आहे. हसू नका. मलाही आधी ती कुत्र्याचीच वाटायची.

मंदा माझी नणंद. एकोणीसशे पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. तिकडे हिंदी मुलखात, बालाघाटला आमचं भाड्याचं घर होतं — पुढे एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, परसात पेरूचं झाड. पुढच्या खोलीतच सासूबाईंची खाट. लकवा झाल्यापासून त्यांची उजवी बाजू पार गेली होती. त्यांना भरवणं, कूस बदलणं, अंग पुसणं, भांडं देणं, सगळं मंदा करायची. मी सकाळी इस्त्रीची साडी नेसून शाळेत जायची. मी मास्तरीण होते. गावात मला सगळे बाई म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं.

कुत्रं मंदानंच आणलं, भरवेलीहून. तिथं खाणीच्या वसाहतीत तिची मैत्रीण राहायची. तिच्या दारात हे पिल्लू पडून असायचं, येणारा-जाणारा त्याला काठीनं हाणायचा. आमच्या यांनी चेष्टेनं त्याचं नाव ठेवलं शेरू. शेरू कसला! फाटकाची कडी वाजली की हा सासूबाईंच्या खाटेखाली. पाहुणा दिसला की जागच्या जागी मुतायचा. आणि कुणी वाकून हात पुढे केला, तर मात्र दात दाखवायचा.

मंदानं त्याला माणसांत आणायचं मनावर घेतलं. पहिल्यांदा ओढून पाहुण्यांसमोर आणलं, तर त्यानं तिचाच पदर फाडला. मग ती शहाणी झाली. येणाऱ्याला फाटकावरच सांगायचं — काठी, छत्री बाहेर ठेवा, त्याच्याकडे बघू नका, गुपचूप बसा, टोस्टचा तुकडा खाली टाका. आणि डोक्यावर हात तर मुळीच नाही. तो आपण होऊन आला तर आला. पोस्टमन हसायचा, "दीदी, कुत्ते के भी इतने नखरे?" पण तोही शेवटी खिशात टोस्ट घेऊन यायला लागला. मी घरी असले की फाटकावर जाऊन हे सांगायचं काम माझं. मंदाचे हात आईच्या सेवेत गुंतलेले असायचे ना.

सहा-सात महिन्यांत शेरू खाटेखालून निम्मा बाहेर येऊन बसू लागला. दुधवाल्याचा पाय हुंगायचा. मंदाचा आनंद पोटात मावत नव्हता. ज्याला त्याला सांगायची, "पाहा, आता काही करत नाही तो." तिच्या तोंडचं वाक्य आहे हे. लक्षात ठेवा, कारण ते मी चोरलं.

मंदाला स्थळं येत होती आणि जात होती. तिशी जवळ आली होती. दर वेळी पोहे करायचे, साडी नेसून बसायचं, आणि नंतर कळवतो म्हणून गेलेले लोक कधी कळवायचे नाहीत. मग तिरोडीचं स्थळ आलं. मुलगा खाणीच्या स्टोअरमध्ये होता, वडील नव्हते, मामाच कर्ता. मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा मी फाटकावर सगळं नीट सांगितलं. त्यानं ते ऐकलं. भिंतीकडे तोंड करून बसला बिचारा, टोस्ट खाली टाकला, आणि शेरू सरळ येऊन त्याच्या पायाशी लवंडला. मंदा पोह्यांची ताटली हातात धरून दारातच उभी राहिली. तिला तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मुलाकडून होकार आला. आता मामा-मामी येऊन साक्षगंधाची तारीख धरणार होते.

त्याच आठवड्यात हे मला म्हणाले, "मंदा गेली का तू शाळा सोडजो. आईकडे कोण पाहीन?" विचारलं नाही, सांगितलं. भाजी आणायला सांगावी तसं. मी वह्या तपासत राहिले. पण त्या रात्रीपासून माझं सासूबाईंच्या खाटेकडे पाहणंच बदललं. ते भांडं, तो वास, ती कूस बदलणं — हे सगळं मला? मला त्याची किळस होती. आणि मंदा ते वर्षानुवर्षं करत होती, याचं मला काही वाटत नव्हतं. भांडायचं तर यांच्याशी भांडायला हवं होतं. तेवढी हिंमत नव्हती. मग काय केलं मी?

मामा-मामी आले तेव्हा मी फाटकावर गेले. मामांच्या हातात जाडजूड काठी होती. मी ती पाहिली. मुद्दाम सांगते, पाहिली. मामा कडीवर हात ठेवून थबकले, "कुत्रा आहे वाटते? चावत तं नाही ना, बाई?"

मी हसून म्हटलं, "या ना मामाजी, काही करत नाही तो."

इथंच थांबले असते तर विसरले म्हणून तरी स्वतःला समजावता आलं असतं. पण मी पुढे म्हटलं, "डोक्यावरून हात फिरवा, ओळख होऊन जाईन."

मामा सरळ स्वभावाचे. आत आले, काठी काखेत धरली, सासूबाईंना नमस्कार केला आणि खाटेखाली वाकून हात घातला.

पुढचं सगळं एकदम झालं. मामांचा हात फाटला. सतरंजीवर रक्त. मामी ओरडली, "सोयरीक जोडाच्या दिवशी घरात रक्त सांडलं, आता काय बोलाचं?" मामा म्हणाले, "ह्या बाई म्हने काही करत नाही!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मंदानंही. आणि मी — मी म्हटलं, "मंदाच तं म्हणे ना, आता सुधारला म्हणून."

मंदानं मान खाली घातली. "हौ," म्हणाली, "माह्यंच चुकलं."

सोयरीक तिथंच मोडली. मामांना पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. यांनी संध्याकाळीच ओळखीच्या एकाची जीप आणली, शेरूला लांब बिरशा गावात कुणाकडे तरी ठेवतो म्हणाले. पण तो खाटेखालून निघेना. हे मंदाला म्हणाले, तू बोलाव. तिनं टोस्ट दाखवून हाक मारली, आणि तो आला. तिच्या मागोमाग जीपपाशी गेला आणि आत चढलाही. बिरशाला त्याला ठेवणारं कुणी नव्हतंच. जंगलाच्या रस्त्यावर सोडून दिलं त्याला. मंदाला ते पुढे कळलं, मग कितीतरी रविवार ती बसनं बिरशाला जायची, हातात टोस्टचा पुडा. मला त्या रविवारी सासूबाईंचं करावं लागायचं, तर मी धुसफुसायची. ऐकताय ना? धुसफुसायची.

दुसरं स्थळ जुळलं नाही. सासूबाई पुढे बरीच वर्षं होत्या. मी शाळेतून निवृत्त झाले, शाल-नारळ मिळालं, सेवेबद्दल भाषणं झाली. मंदा घरीच राहिली. आता माझे गुडघे गेलेत, तीच तेल लावते. हात अजून तसाच आहे तिचा, हलका. तेल लावताना ती काहीबाही बोलत असते आणि मी डोळे मिटून घेते. तिला वाटतं, मला झोप लागली.

परवा नातीनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. संध्याकाळी पाहुणे आले, तर मंदा स्वतः उठून हळूहळू फाटकापर्यंत गेली. तिला त्यांना सांगताना मी ऐकलं, "हात नका लावू एकदम. मी एकदा लय भरवशानं म्हटलं होतं, काही करत नाही म्हणून. माह्या बोलण्यापायी एक मुकं जनावर गेलं."

मी तिच्या मागेच उभी होते, पाण्याचे पेले घेऊन. पाहुणे आत आले. मी त्यांना पाणी दिलं.