दवाखान्यात पोचलेली बाटली

सांगायचं नव्हतं मला. पण नात पोटुशी, तिला लघवीची जळजळ, डॉक्टरीणबाईंनी तपासणीला बाटली दिली, आणि आमची म्हातारी हसतच सुटली. मग नात हटून बसली, "आजोबा, लिहूनच काढा." घ्या, काढतो. तिसरी नापास माणूस आहे, चुका काढत बसू नका.

तेव्हा आम्ही मुलुंडला चाळीत. बायकोला, सुशीलेला, सातवा महिना. लघवीला आग, सारखी धाव, आणि संडास पार चाळीच्या टोकाला. डॉक्टर म्हणाले, सकाळची पहिली लघवी आणा. तिने औषधाची बाटली धुतली, भरली, फडक्यात गुंडाळली.

"अवो, कुणाला दिसता कामा नये."

मी ती कोटाच्या आत धरली. वाटेत कारखान्याचे फोरमन भेटले. वाकून नमस्कार घातला, आणि बूच उडालं. सगळी कोटावर.

आता परत जाऊन बायकोला काय सांगू? पहिली लघवी दुसऱ्यांदा कुठून आणणार? भिंतीआड गेलो आणि मीच बाटली भरली. नवराबायको एकाच चुलीवरचं खातात, फरक असून असून किती असणार?

डॉक्टरांनी नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, थेंब भिंगाच्या यंत्राखाली पाहिला. "काही दोष नाही. एकदम स्वच्छ."

खरं सांगतो, छाती फुगली. जन्मात पहिल्यांदा पास झालो होतो. घरी ऐटीत म्हटलं, "तुला काही झालेलं नाही. उगाच कुरकुरतेस."

चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप. कंबर धरून रडायला लागली. डॉक्टर घरी आले, बुचकळ्यात पडले. "लघवी तर स्वच्छ होती. हिवतापाचं औषध सुरू करू."

बोललो तर अब्रू जाणार, नाही बोललो तर बायको आणि पोर.

बोललो. "डॉक्टर, ती लघवी माझी होती."

"गाढवा," डॉक्टर म्हणाले, "हे मूत्रपिंडापर्यंत चढलंय. दिवस भरायच्या आत कळा लागल्या असत्या."

पुन्हा तपासली, पू निघाला. गोळ्या लागू पडल्या. पोरगी नऊ महिने भरून झाली, चांगली सात पौंडांची. वेळेवर तोंड उघडलं मी, त्याचा अभिमान आहे मला. डॉक्टर गाढव म्हणाले ते रास्तच. सुशीलेची माफीही मागितली, आयुष्यात एकदाच.

पण बारशाचे पेढे घेऊन दवाखान्यात गेलो, तर कंपाउंडर भरल्या बाकांसमोर म्हणतो, "या, बसा बसा. बाळंतिणीनं उभं राहू नये."

बाकावरच्या बायांनी सरकून जागा दिली. आणि मी बसलो.

माफी यायची आहे ती त्या कंपाउंडरची. नाव लिहून ठेवा: विठ्ठल सावर्डेकर.