दोन हात जादा पाइप

माणूस जातो, पण त्याचं काम मागे उरतं, असं शोकसभेत म्हणायची पद्धत आहे. शब्बीर शेख यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. अंबडमध्ये त्यांनी बसवलेले काही एसी उरले आहेत, आणि त्यातल्या एकातून पाणी ठिबकतं. तो आमचा नव्हे.

त्या दुपारी फोनवर त्यांचं नाव दिसलं. चार वाजता ते आमच्याकडे येणार होते. उशीर होतोय हे सांगायला फोन असेल, असं धरून मी नेहमीसारखं म्हटलं, “बोला टेलर मास्टर, आज काय सबब?” पलीकडून त्यांची मुलगी नसरीन बोलली. “काका... अब्बा गेले.” मी विचारलं, “कुठं?” आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली, मृत्यूवर दुनियाभरच्या लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलं, आणि वेळेवर तोंडातून एवढंच आलं. ती पोरगी बिचारी नीट सांगत राहिली. जेवले, हात धुतले, पंख्याखाली बसले, पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तोवर... वय सत्तेचाळीस. कधी साधा ताप सांगितला नव्हता.

मी फोन ठेवला आणि वऱ्हांड्यात आलो. तिथं त्यांची हत्यारांची पिशवी होती. आदल्या संध्याकाळी एसीचे जोड तपासायला आले होते, तेव्हा “कशाला वाहून नेऊ सर, उद्या येऊनच राह्यलो” म्हणत ठेवून गेलेले. पिशवीशेजारी साबणाच्या पाण्याची वाटी आणि दाढीचा ब्रश. गॅस कुठून गळतो का हे बघायला जोडांवर साबणाचा फेस लावतात, फुगा आला की गळती. बाकीचे लोक स्पंज वापरतात, शब्बीरभाई दाढीचा ब्रश वापरत. फेस वाटीच्या काठाला सुकून चिकटला होता. मला एकच गोष्ट कळेना, चारला येणारा माणूस दोनला जातोच कसा? अजूनही कळलेली नाही.

बसस्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं. माझ्या सगळ्या पँटी त्यांच्याच हातच्या. मग तयार कपड्यांची दुकानं आली, आणि शब्बीरभाईंकडे फक्त चेन बदलणं आणि उंची कमी करणं उरलं. एक दिवस मशीनवर आच्छादन टाकून ते जालन्याला गेले आणि एसी-फ्रिज दुरुस्तीच्या वर्गात नाव घालून आले. तेव्हा वय चव्वेचाळीस. मी म्हटलं, “शब्बीरभाई, वर्गातली पोरं तुमच्या पोरीच्या वयाची असतील.” म्हणाले, “तिच्याहून लहान हायत. मला चाचा म्हणून राह्यले. मास्तरपण एकदा चुकून चाचा म्हणला.”

रोज सकाळच्या एसटीनं जायचे. तांब्याचा पाइप कापणं, त्याचं तोंड फुलवणं, जोड देणं, गॅस भरण्याआधी आतली हवा खेचून घेणं, हे सगळं परतीच्या गाडीतून उतरल्यावर माझ्या ओट्यावर मला शिकवायचे. मला त्यातलं काहीच आलं नाही, त्यांना मात्र येत गेलं. फक्त एक सवय जाईना. शिंपी शिलाईच्या आत जादा कापड सोडतो. पोर वाढतं, माणूस सुटतो, तेव्हा उसवून घेता यावं म्हणून. शब्बीरभाईंनी तेच पाइपाला लावलं. प्रात्यक्षिक परीक्षेत गळ्यातला टेप काढून भिंत मापली आणि वर दोन हात जादा पाइप कापला.

मास्तर म्हणाले, “शेख, हा एसी हाय, पायजमा न्हाई. भिंत वाढणार हाय का उद्या?”

“भिंत न्हाई वाढत सर. पण माणसं खोल्या बदलतात, पलंग फिरवतात. मंग?”

सगळा वर्ग हसला. मास्तरांनी मार्क कापले, आणि ते बरोबरच होतं. उगाच लांबवलेल्या पाइपानं गारवा कमी होतो, हे पुस्तकातही लिहिलंय. शब्बीरभाई काठावर पास झाले. पण सवय सोडली नाही. जिथं एसी बसवला तिथं बाहेरच्या डब्यामागे पाइपाचं वेटोळं. पोरं म्हणायची, चाचानं साप पाळलाय. हे म्हणायचे, “एक दिवस कुणाला तरी लागंल, सर. एकाला लागला तरी बास. त्या मास्तरला जालन्याला जाऊन दाखवीन.”

तो एक आम्ही होतो. आमच्या एसीचा झोत थेट बायकोच्या गुडघ्यांवर यायचा. शेजारच्या भिंतीवर हलवायचं ठरलं, तेव्हा शब्बीरभाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. टेप लावला, मागचं वेटोळं हातानं चाचपलं. “बिलकुल बराबर पुरंल, वहिनी. फोटू काढून ठेवा.” ती आदली संध्याकाळ.

शोकसभा झाली. एका पुढाऱ्यानं त्यांना “शीतलतेचे उपासक” म्हटलं. फलकावरचा फोटो नसरीनच्या साखरपुड्यातला होता, कापून घेतलेला, त्यामुळे खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला होता. सभागृहातला एसी बंद होता. शब्बीरभाई असते तर भाषण अर्ध्यावर टाकून स्टूल शोधायला गेले असते.

नंतर बरेच दिवस आम्ही एसी लावलाच नाही. पिशवी नसरीननं नेली, ब्रश मात्र राहू द्या म्हणाली. मागच्या आठवड्यात त्यांच्याच वर्गातला सचिन आला. चाचा म्हणणाऱ्यांत हा पहिला होता. आता जालन्यात स्वतःचं काम करतो. बाहेरच्या डब्यामागे वाकून त्यानं वेटोळं पाहिलं, बोटानं त्याचे फेरे मोजले. मग म्हणाला, “सर, फोटू काढा. मास्तरांना मी पाठवतो.” जोड सोडले, वेटोळं हळूहळू उलगडलं, पाइप खिडकीच्या वरून वळवून नव्या भिंतीकडे नेला. बायको गुडघे विसरून उभी राहिली. मी फोन धरून तयार होतो.

सचिननं पाइप दोनदा सरळ करून बघितला. वीतभर कमी पडला.