पांढरी चार

खरं तर सांगताना लाज वाटायला हवी, पण मला मजाच जास्त वाटते. पन्नाशी गाठलेल्या मी, देवाच्या घरात, भरल्या मंडळीसमोर एका माणसाचा आवाज फाडला. तोही नुसत्या बोटाने.

आमची मराठी उपासना शारजात शुक्रवारी भरते. चर्चच्या आवारात एक लहान हॉल आहे. मल्याळी मंडळी बाहेर पडतात आणि फिलिपिनो मंडळी आत शिरतात, त्यामधला दीड तास आमचा. पेटी अकरा वर्षं मीच वाजवतो. पहिलं गीत मात्र पूर्वी त्या माणसाचं असायचं. उम्म अल कुवैनला साइटवर परांच्या बांधणारा आमच्या नगरकडचाच गडी. तोंड उघडलं की हॉलचा एसी बंद करावासा वाटे, त्याची घरघर मध्ये नको म्हणून.

मग तो पिऊ लागला. चार वर्षांपूर्वी नाताळच्या उपासनेला तर्र होऊन आला आणि दुसऱ्या कडव्यात माझ्या पेटीवर भडाभडा ओकला. पेटी मी अल मजाजच्या आमच्या बाल्कनीत आठवडाभर वाळवली. तो गेला तो गेलाच, आणि पहिलं गीत माझ्याकडे आलं. वरवर मी हळहळलो. आतून? आतून मी मान तिरकी करून, डोळे मिटून गाण्याची तालीम आरशासमोर करत होतो. तशी मान केली की मी फार भाविक दिसतो.

आणि गेल्या वर्षी हा परत आला! दारू सुटलेली, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मंडळीतल्या बाया त्याला बघून डोळ्यांना पदर लावू लागल्या. माझ्याकडे बघून अकरा वर्षांत कुणी साधा रुमालही काढला नव्हता. तिसऱ्याच आठवड्यात पाळकांनी मला पार्किंगमध्ये गाठलं.

"पुढच्या शुक्रवारी पहिलं गीत त्याला देऊ या."

"इतक्यात?" मी म्हणालो. "क्षमा करा हो, मीही करतो. पण इथे सिग्नल तोडला तर लायसन्सवर काळे पॉइंट पडतात, ते काही लगेच पुसले जात नाहीत. ह्यालाही वर्षभर मागच्या रांगेत बसवा."

"आपण उपासना चालवतो की ट्रॅफिक डिपार्टमेंट?"

"म्हणजे कृपेला काही हद्दच नाही?"

"आहे ना," पाळक गाडीचं दार उघडत म्हणाले. "ती कुणाच्या खिशात कोंबता येत नाही. ज्याला हवी त्याने हात पुढे करावा लागतो. त्याने केलाय. यल्ला, चला आता, उन्हात उभे राहू नका."

घरी मी जेवताना दोनदा सुस्कारा सोडला. बायकोने आमटी वाढली. लेकीने मोबाइलमधून डोकं न काढता निकाल दिला, "पप्पा, यू आर सो जेलस."

तर तो शुक्रवार. गाणाऱ्याला सूर पेटीवाला देतो. पेटी जी पट्टी लावेल, तिच्यात त्याला गावं लागतं. हा काळी एकमध्ये गायचा, हे मला झोपेतही ठाऊक होतं. मी पांढरी चार लावली. चांगली चढी. चेहरा मात्र असा, जणू माझ्या मांडीवर कोकरू झोपलंय.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गायला लागला. ध्रुवपद कसंबसं निभावलं. अंतऱ्याला आवाज वर गेला, चिरकला आणि फुटला. तो थांबला. मला असा आनंद झाला की भाता हलवायचाच राहिला. तेवढ्यात मागून एका म्हातारीने तीच ओळ आपल्या बेसूर, खालच्या आवाजात उचलली. मग सगळ्यांनी. पेटी सोडून, माझी पट्टी सोडून, अख्खी मंडळी त्याच्या वतीने गायली. आणि गाणाऱ्यांत माझी बायको होती!

उपासना संपल्यावर मी पेटीला कापड गुंडाळत होतो. तो हातात समोसा घेऊन आला.

"दादा, पांढरी चार लावलीत."

"मी? घाईत बोट चुकलं असेल."

"तुमचं? अकरा वर्षांत?" तो खदखदून हसला. "असू द्या. पुढच्या वेळी काळी एक द्या, म्हणजे झालं." आणि समोसा डाव्या हातात घेऊन त्याने उजवा पुढे केला.

मी त्याला वर्षभर मागे बसवायला निघालो होतो. ह्याने मला समोसा संपायच्या आत मोकळं केलं. आता मला त्याच्या गळ्याबरोबर त्याच्या क्षमेचाही हेवा वाटू लागला. पण हात पुढे आलेला, आणि शेजारी पाळक उभे. मी माझा हात दिला. अर्धाच. बाकीचा त्याने ओढून घेतला, तेलकट बोटांनी.

पुढच्या शुक्रवारी मी काळी एक लावली. तो गायला, आणि माझ्याहून कितीतरी चांगला गायला. पोटातली जळजळ गेली म्हणाल, तर नाही. ती भात्याबरोबर फुलत होती. पण बोट तिथून हललं नाही. मान तेवढी सवयीने तिरकी झाली, आणि ती कुणीही पाहिली नाही.