आवाज बंद करून दाखवा

माझ्या बंगळूरच्या घरमालकांचं ठाम मत होतं, की देवानं जग घडवलं खरं, पण पाठवून देण्याआधी ते नीट तपासून घेतलं नाही. ती राहून गेलेली तपासणी पुरी करायलाच आपला जन्म झाला आहे, अशा निष्ठेनं ते जगत. बोम्मसंद्राच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ते माल तपासणाऱ्या खात्याचे प्रमुख होते. रोज सकाळी हेब्बाळहून कंपनीच्या बसनं सगळं शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून जायचे आणि दिवसभर लोकांनी मेहनतीनं केलेल्या वस्तू नापास करून समाधानानं घरी यायचे. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना शाल दिली. त्यांनी ती व्यासपीठावरच उलगडली, उजेडात धरली, काठाला एक धागा सुटलेला आहे असं साहेबांच्या निदर्शनास आणलं आणि मग भाषणाला उभे राहिले. निवृत्त झाले तरी तपासणी थांबली नाही, फक्त माल बदलला.

कारखान्यात तीन रंगांच्या चिठ्ठ्या असत. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती हवी, लाल म्हणजे बाद. अशा चिठ्ठ्यांची सहा-सात बंडलं ते दोऱ्यासकट घरी घेऊन आले होते, आणि मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारं व्हर्निअर सदऱ्याच्या खिशात कायम असे. मी नागपूरहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या माडीवरची खोली मागायला गेलो, तेव्हा त्यांनी मला अंगणात दोनदा चालायला लावलं. माझ्या उजव्या चपलेचा आवाज डावीपेक्षा जास्त येतो हे त्यांनी ओळखलं, मला पिवळी चिठ्ठी दिली आणि चप्पल दुरुस्त करून आणल्यावर खोली दिली. हॉटेलात ते इडल्या मोजत, म्हणजे किती ते नाही, जाडी. समोरच्या देवळातली घंटा त्यांनी एकदा ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तिला लाल चिठ्ठी बांधून आले. पुजारी संतापले, गल्लीत चार दिवस अबोला झाला, आणि पाचव्या महिन्यात ऐन आरतीत ती घंटा उभी तडकली. तेव्हापासून गल्लीतली माणसं नवी वस्तू घेतली की आधी त्यांना दाखवायला आणत. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. या अक्कांना मात्र तीस वर्षांच्या संसारात एकही चिठ्ठी मिळालेली नव्हती. मी एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, “तिला तपासायचा हुद्दा मला मिळालाच नाही हो.”

या माणसाच्या घरात एक संगणक होता. कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यानं मोडीत काढलेला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. चालू केला की तो जागा व्हायला इतका वेळ घेई, की अण्णा बटण दाबून आंघोळीला जात. अधूनमधून त्याचा पडदा थरथरू लागे, मग डाव्या अंगाला एका ठरावीक जागी तळहातानं थाप मारावी लागे. ती जागा फक्त अण्णांना आणि त्यांच्या मुलीला ठाऊक होती. मुलगी रेणुका, तेव्हा तेवीस वर्षांची. तीन वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं होतं. शाळेत ती कानडीतून शिकली, अक्कांशी ती हातवाऱ्यांनी बोले आणि दोघींचं ते बोलणं नळाच्या पाण्यासारखं अखंड चाले. अण्णांना मात्र ते जमत नसे. त्यांची बोटं व्हर्निअर धरून धरून ताठर झाली होती. ते एक खूण करायला जात आणि भलतीच होई, ‘जेवलीस का’ विचारताना म्हणे ‘म्हैस आली का’ असं होई, आणि मायलेकी हसून लोटपोट होत. म्हणून बापलेकीचं बोलणं संगणकावर. रोज दुपारच्या चहाला दोघं शेजारी बसत, रोमन अक्षरांत घरची मराठी लिहीत, एक ओळ यांची, एक तिची. भांडणंसुद्धा तिथंच होत. अण्णा रागावले की कळफलकाचा आवाज माडीवर येई.

त्या वर्षांत शहरात मल्टिमीडिया नावाची लाट आली. ज्याला त्याला घरी नवा संगणक हवा होता, रंगीत पडदा, सीडीची तबकडी वाजवणारा, दोन बाजूंना दोन स्पीकर असलेला. जुना काढून नवा घ्यावा का, हा प्रश्न अण्णांनी हाती घेतला आणि मी संगणकाच्या कंपनीत नोकरीला असल्यामुळे मला आपोआप सल्लागार नेमलं. मला वाटलं, दोन शनिवारांचं काम आहे. ते दोन वर्षं चाललं. दर शनिवारी आम्ही बसनं बाजारात जायचो. अण्णा दुकानात शिरत, स्पीकरच्या जाळीची भोकं मोजत, दोन स्पीकरची उंची सारखी आहे का पाहत, पडद्याच्या चारी कोपऱ्यांना व्हर्निअर लावत. दुकानदार हौसेनं वाघाची डरकाळी वाजवून दाखवी, मग आगगाडी, मग धबधबा. अण्णा डोळे मिटून सगळं ऐकून घेत आणि शेवटी शांतपणे म्हणत, “सरी,” म्हणजे ठीक आहे, “आता आवाज बंद करून दाखवा.”

दुकानदार गोंधळून जाई. एक तर चिडून म्हणाला, की आवाज बंदच करायचा तर याला मल्टिमीडिया कशाला म्हणायचं, नुसता संगणक न्या ना. अण्णा म्हणाले, तेच बघतोय, नुसता किती उरतो ते. मग ते आवाज नसलेल्या वाघाकडे बराच वेळ बघत. जबडा उघडतोय, मिटतोय, उघडतोय. पिवळी चिठ्ठी काढत, वहीत काहीतरी टिपून घेत, आणि आम्ही पुढच्या दुकानात जात असू. बाजारात आमची ओळख पटली होती. आम्ही दिसलो की काही दुकानदार आधीच आवाज बंद करून ठेवत. मी कार्यालयात मित्रांना हे किस्से रंगवून सांगत असे. आज त्याची थोडी लाज वाटते, कारण दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि ते काय तपासत होते हे मला एकदाही सुचलं नाही.

ते कळलं रेणुकामुळे. ती उदबत्तीच्या पुड्यांवरची चित्रं काढत असे. मोर, कमळं, अप्सरा, उगवता सूर्य, सगळं ब्रशनं, इतकं बारीक की अप्सरेच्या पैंजणातले घुंगरू मोजावेत. तीन कारखाने तिच्याकडून वर्षानुवर्षं काम करून घेत. त्या पावसाळ्यात एकेका कारखान्यानं हात आखडता घेतला. आता चित्रं संगणकावर होतात, रंग मिनिटात बदलता येतो, तुझा मोर एकदा निळा झाला की निळाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी ती माडीवर आली आणि तिनं एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला. मुलांसाठी चित्रमय तबकड्या करणाऱ्या एका स्टुडिओत चित्रकार हवे होते आणि परीक्षा संगणकावर रंगवून द्यायची होती. कागदाच्या खाली तिनं लिहिलं होतं, की तीन आठवडे सराव मिळाला तर मी ही नोकरी मिळवीन. ‘कदाचित’ वगैरे शब्द त्यात नव्हते. बापाचा ठामपणा तिच्यात पुरेपूर उतरला होता.

मी तिला म्हटलं, म्हणजे कागदावर लिहिलं, की हे अण्णांना सांग. तिनं उत्तर लिहिलं, की सांगितलं असतं, पण अप्पा, म्हणजे अण्णाच, अजून तपासताहेत. मग उद्या चहाच्या वेळी तुम्ही खाली या, असं लिहून ती गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खाली गेलो तेव्हा दोघं संगणकापुढे बसली होती. अक्का दाराशी कोथिंबीर निवडत होत्या आणि त्यांचं कोथिंबिरीकडे लक्ष नव्हतं. मला पाहून अण्णा काही बोलणार, तेवढ्यात रेणुकानं लिहायला सुरुवात केली. हिरवी अक्षरं एकेक करून उमटत होती. मी मागे उभा राहून वाचत होतो.

“अप्पा, दोन वर्षं तुम्ही कुणासाठी बघताय?”

अण्णांनी चष्मा पुसला. एका बोटानं लिहिलं, “तुझ्यासाठी.”

“मग अडलंय कुठं?”

 अण्णा कळफलकावर बोट ठेवत आणि उचलत. शेवटी लिहिलं, “त्याचं निम्मं काम आवाजाचं आहे. प्रत्येक ठिकाणी आवाज बंद करून बघितलं. निम्मंच उरतं. घरात नवी वस्तू आणायची आणि तुला निम्मी द्यायची, हे माझ्या हातून होत नाही.”

अक्कांनी कोथिंबीर खाली ठेवली. त्यांना ते वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याची पाठ वाचता येत होती. माझ्या डोळ्यांपुढून दोन वर्षांतले सगळे मुके वाघ एकामागून एक गेले. रेणुकानं मात्र क्षणभरही विचार केला नाही. ती भराभर लिहीत गेली.

“जगात मला सगळंच निम्मं मिळतं, अप्पा. हे निम्मं रंगीत आहे. मला चालेल.”

एवढी एक ओळ, पण अण्णा ती कारखान्याचा मोठा नकाशा वाचावा तशी वाचत राहिले. पडदा थरथरला. त्यांनी थाप मारली नाही, तिनं मारली. मग त्यांनी चार अक्षरं लिहिली, “sari”, आणि कोट घालायला आत गेले. रविवारी बाजार बंद असतो हे त्यांना मी दारात गाठून सांगितलं.

सोमवारी मी रजा घेतली आणि आम्ही तिघं गेलो. रेणुकानं पहिल्याच दुकानात वीस मिनिटांत संगणक पसंत केला. अण्णा म्हणाले, स्पीकर काढून ठेवा, नकोत. तिनं मान हलवली. एक स्पीकर उचलून तिनं छातीशी धरला, दुकानदाराला खूण केली, आणि ढोल वाजू लागला तशी तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते पाहून अण्णांनी व्हर्निअर खिशात टाकलं. स्पीकर घरी आले. त्यानंतर आमच्या गल्लीचं स्वास्थ्य संपलं. आयुष्यभर जे घर सगळ्यांत शांत होतं ते सगळ्यांत गोंगाटाचं झालं, कारण रेणुका रंगवता रंगवता एक हात स्पीकरवर ठेवून ढोल वाजवत असे आणि हाताला नीट लागेपर्यंत आवाज वाढवत असे. शेजाऱ्यांच्या मांडणीवरची भांडी थरथरू लागली. तक्रारी घेऊन लोक आले. अण्णा प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले, भांडी तपासली, आणि थरथर मर्यादेत आहे, मांडणीच मुळात कच्ची आहे, असा निर्वाळा देऊन आले. मुलीला त्यांनी आवाज कमी करायला एकदाही सांगितलं नाही. देवळातल्या पुजाऱ्यांनी नव्या घंटेला तरी जागा द्या असं म्हणून पाहिलं, तेव्हा आरतीपुरती पंधरा मिनिटं ढोल थांबवायचं ठरलं.

नोकरी तिनं म्हटल्याप्रमाणे मिळवली. परीक्षेत तिनं मोर रंगवला, आणि त्याचा रंग सात वेळा बदलून सातही मोर दिले. आता ती सकाळी आठला जाई आणि संध्याकाळी सहाला येई. कधी काम घरी आणे, मग संगणक तिच्याच ताब्यात असे. जुना संगणक अक्कांनी शिवलेल्या खोळीत कोपऱ्यात गेला. दुपारच्या चहाला अण्णा एकटेच बसत. पुढे माझी बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी बसथांब्यावरून येत होतो, तर अण्णा तिथंच उभे, हात मागे बांधून, हेब्बाळच्या तळ्याच्या बाजूला तोंड करून. रेणुकाच्या बसला अजून अर्धा तास होता. मी थांबलो. नवा संगणक कसा काय, असं मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. त्यांनी कौतुक केलं, रंगांचं केलं, तिच्या पगाराचं नव्हे, तिच्या साहेबांनी तिची चित्रं भिंतीवर लावली त्याचं केलं. मग म्हणाले, “घरात आवाज पुष्कळ झालाय हो आता. बोलणं स्वल्प कमी झालंय.”

बस आली. रेणुका उतरली आणि उतरता उतरताच तिचे हात बोलायला लागले, दिवसभराचं साठलेलं. अण्णांनीही पाठीमागचे हात सोडले. ताठर, अडखळत, बोटं एकेक करून जुळवत त्यांनी काहीतरी विचारलं. येणारेजाणारे बघत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. खूण चुकली असावी, कारण ती हसली. मग तिनं त्यांचं मधलं बोट धरलं, जरा वाकवलं, अंगठा बाजूला केला, आणि पुन्हा करा म्हणून समोर उभी राहिली. त्यांनी पुन्हा केलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि दोघांना पुढे जाऊ दिलं.