सरांनी दिलेला कॉम्प्युटर

"सांग ना बेटा, कॉम्प्युटर कोणी दिला?"

गणपतीचे दिवस होते. खालच्या हॉलमध्ये पाहुणे बसले होते. दिल्लीत वर्षानुवर्षं राहिलेली मराठी माणसं. रेशमी कुर्ते, नथी, हातात मोदकांच्या प्लेट. मला वरून बोलावून घेतलं होतं. मी गालिच्याच्या कडेला उभी होते. गालिच्यावर नाही. कडेला. तिथे थांबायचं हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"अरे, लाजते आहे," सर हसले. "आमच्या प्रकाशची मुलगी. कॉम्प्युटर सायन्स करतेय, बरं का. बोल बेटा. कोणी दिला?"

प्रकाश म्हणजे माझे बाबा. सरांचे ड्रायव्हर. ते दाराजवळ, पाहुण्यांच्या चपलांच्या बाजूला उभे होते. हसत होते. अभिमानाने नाही. मी चुकीचं काही बोलू नये म्हणून हसत होते.

"सरांनी दिला," मी म्हटलं.

"आणि मग? काय म्हणायचं?"

"थँक यू, सर."

टाळ्या वाजल्या. एक बाई म्हणाल्या, "किती छान बोलते! वाटत नाही हो." काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं. मलाही कळलं.

मी जिने चढून वर आले. खोलीत तो कॉम्प्युटर चालूच होता. घर्र घर्र. तो आवाज अजून येतो मला. ऑफिसमध्ये एसी सुरू होतो, कुणाचा तरी जुना पंखा फिरतो, आणि मी मान वळवून बघते.

सर मूळचे पुण्याचे. मोठ्या कंपनीत फार वरच्या जागेवर. बदली होऊन गुडगावला आले, तेव्हा बाबांना बरोबर घेऊन आले. आपलीच माणसं बरी, असं ते म्हणायचे. आम्ही बौद्ध. आपलीच माणसं म्हणजे किती आपली, ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर समजायचं. आई त्या घरात झाडू-पोछा करायची, कपडे धुवायची. ओट्याजवळचं काम दुसऱ्या बाईकडे होतं. आम्ही गच्चीवरच्या खोलीत राहायचो, पाण्याच्या टाक्यांच्या बाजूला. आई, बाबा, मी, धाकटा भाऊ. उन्हाळ्यात भिंतीला हात लावता यायचा नाही.

बारावीनंतर मला दिल्ली युनिव्हर्सिटीच्या नॉर्थ कॅम्पसकडच्या एका कॉलेजात अॅडमिशन मिळाली. कॉम्प्युटर सायन्स. शेजारच्या गल्लीतल्या मुलांच्या ट्यूशन घेऊन मी पैसे जमवले होते. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात एका दुकानात लॅपटॉप पाहून ठेवला होता. सेकंड हँड, काळा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. मला तो आवडला होता. मेट्रोत मांडीवर ठेवून काम करता येईल, लायब्ररीत बसता येईल. हॉस्टेलमध्ये सीट मिळाली तर तिथेही नेता येईल. खरं सांगायचं तर, मला लॅपटॉपपेक्षा ते नेता येणंच हवं होतं.

बाबांनी नेहरू प्लेसला जायला अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. सरांनी विचारलं, कशाला. बाबांनी सांगितलं.

मी तेव्हा गाडीत विसरलेला बाबांचा डबा घ्यायला खाली आले होते. सर पोर्चमध्ये उभे होते. माझ्यासमोरच बोलले, पण माझ्याशी नाही.

"लॅपटॉप कशाला प्रकाश? पडतो, फुटतो, चोरीला जातो. डेस्कटॉप मजबूत. आणि मुलीची जात आहे. लॅपटॉप घेऊन कुठे कुठे जाऊन बसेल, तुला कळणार पण नाही. डेस्कटॉप घरात राहतो. पोरगी पण घरात राहते."

बाबा म्हणाले, "बिल्कुल, सर."

मॅडम, म्हणजे सरांच्या बायको, आतून म्हणाल्या, "सानिकाचा जुना पडलाय ना, तो देऊन टाका. तुम्हा लोकांना एवढा पुरे."

सानिका त्यांची मुलगी. माझ्याच वयाची. ती एका महागड्या खाजगी युनिव्हर्सिटीत जाणार होती. तिच्यासाठी नवा लॅपटॉप आला होता. इतका पातळ की ती तो वहीसारखा काखेत धरून फिरायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेस्कटॉप आणायला गेलो. सीपीयूवर हळद-कुंकवाची बोटं होती. दसऱ्याला त्यांच्याकडे गाडीची, कॉम्प्युटरची, सगळ्यांची पूजा व्हायची. बाबा उचलायला वाकले, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब." आतून ओलं फडकं आणलं. स्वतः खाली बसल्या आणि ती बोटं पुसली. नीट, घासून. मग म्हणाल्या, "पूजेतलं आहे ना. असं बाहेर द्यायला नको."

बाहेर म्हणजे गच्चीवर.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सीपीयू छातीशी धरला, मी मॉनिटर उचलला. घरात लिफ्ट होती. आम्ही जिन्याने चढलो.

माझ्या लॅपटॉपच्या पैशांत भावाची शाळेची अॅडमिशन झाली. आता गरजच काय, कॉम्प्युटर तर मिळाला, असं बाबा म्हणाले. हॉस्टेलचा विषयही तिथेच संपला.

कॉम्प्युटर सुरू केला की आधी पडद्यावर नाव यायचं. वेलकम, सानिका. मी कॉम्प्युटर शिकणारी मुलगी. ते नाव मला कधीही काढता आलं असतं. पण सरांनी बजावलं होतं, "त्यात आमचे जुने फोटो आहेत. काही डिलीट करायचं नाही. जसा आहे तसाच राहू दे." म्हणून रोज मी सानिका होऊन आत जायचे.

आणि ते फोटो. मी जरा वेळ हात काढला की पडद्यावर एकामागून एक यायला लागायचे. सानिका समुद्रावर. सर बर्फात. मॅडम कुठल्याशा परदेशी पुलावर. आमच्या एका खोलीत त्यांचं सगळं कुटुंब येऊन बसायचं. अंधार पडला की त्यांच्या चेहऱ्यांचा उजेड आमच्या भिंतीवर हलायचा. आई जेवताना पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "बंद कर गं. सारखं बघत असल्यासारखं वाटतं." मी बंद केला. तरी वाटायचं.

लाइट जायची. खाली जनरेटर धडधडत सुरू व्हायचा. वरच्या खोलीला त्याची लाइन नव्हती. केलेलं काम जायचं. मी अंधारात बसून पुन्हा आठवायचे, कुठपर्यंत आले होते.

कॉलेजात वेगळंच. शिकवणाऱ्या मॅडम वर्गात यायच्या आणि म्हणायच्या, "चलो, लैपटॉप खोलो सब." सगळीकडे झाकणं उघडायची. मी वही उघडायचे. पेनने कोड लिहायचे, घरी जाऊन टाईप करायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "रिपेअर को दिया है, यार." इतक्या वेळा म्हटलं की कधी कधी मला स्वतःलाच वाटायचं, कुठल्यातरी दुकानात माझा लॅपटॉप खरंच पडलाय आणि मी आणायला गेले की मिळेल.

मग सानिका वर यायला लागली.

ती वाईट नव्हती. हे मला सांगावं लागतं, कारण वाईट असती तर सोपं झालं असतं. लहानपणी आम्ही गच्चीवर एकत्र खेळलो होतो. ती दारात उभी राहून म्हणायची, "सुन ना यार, माझी असाइनमेंट करून देशील? तुला तर पटकन जमतं. प्लीज." तिलाही प्रोग्रॅमिंगचा एक पेपर होता. मी केली. मग दुसरी केली. मग ती वर यायची बंद झाली, नुसता मेसेज यायचा. मग प्लीज बंद झालं.

गणपतीनंतर थोड्याच दिवसांनी मेसेज आला, उद्यापर्यंत पाहिजे. माझी स्वतःची परीक्षा होती. मी लिहिलं, जमणार नाही.

ती वर आली. रागावली नव्हती. चकित झाली होती. पंखा अचानक बोलायला लागावा तशी.

"अगं पण माझाच कॉम्प्युटर आहे ना? माझ्याच कॉम्प्युटरवर माझं काम केलं तर काय झालं?"

माझ्या डोळ्यांसमोर तो हॉल आला. बाबांचं ते हसू आलं. माझाच आवाज कानात आला. थँक यू, सर. शाळेतल्या पाठांतरासारखा.

"नाही करणार," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आज नाही. आणि यापुढे पण नाही."

माझा आवाज कापत होता.  धैर्य वगैरे काही वाटलं नाही. 

तासाभरात खालून निरोप आला. मॅडमनी आईकडे पाठवला होता. "तिला म्हणावं, काम करायचं नसेल तर कॉम्प्युटर परत आणून दे."

आई माझ्याकडे बघत राहिली. माफी मागून ये, असं ती म्हणेल असं मला वाटलं. ती उठली आणि मागच्या वायरी काढायला लागली. कुठली कशाची ते तिला माहीत नव्हतं. एकेक ओढून काढत होती.

बाबा गाडी घेऊन बाहेर गेले होते. आई आणि मी दोघींनी तो उचलला. या वेळी लिफ्टने उतरलो. हॉलमध्ये गेलो. गालिचा तुडवत गेलो. जेवणाच्या टेबलावर सीपीयू ठेवला, शेजारी मॉनिटर. मॅडम ओरडल्या, "अगं, टेबलावर काय?"

मी म्हटलं, "यातला एकही फोटो मी काढलेला नाही. बघून घ्या."

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. नाही सुचलं. ते सगळं मला नंतर सुचलं. अजूनही सुचतं, मेट्रोत, अंघोळ करताना.

बाबा आले तेव्हा त्यांना खालीच सगळं कळलं होतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. पुष्कळ दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. मग सरांनी त्यांना बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, "प्रकाश, वरची खोली आता आम्हाला लागेल." खोली गेली. पुढे नोकरीही गेली. आम्ही एका अरुंद गल्लीत खोली घेतली, जिथे दिवसाही बल्ब लावावा लागायचा. बाबा टॅक्सी चालवू लागले. आईने दुसरी घरं धरली. मी सांगणार नाही की सगळं छान झालं. भाऊ बरेच दिवस विचारायचा, "दीदी, एक असाइनमेंट केली असतीस तर?"



कॉलेजात मात्र एक दिवस त्या शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "लैपटॉप खोलो." मी हात वर केला. "मेरे पास नहीं है, मॅम. रिपेअर में भी नहीं है. है ही नहीं."  मग मागच्या बाकावरून एक हात वर गेला. मग खिडकीजवळून आणखी एक. इतके दिवस आम्ही सगळे एकमेकांशी एकच खोटं बोलत होतो. आम्ही मिळून अर्ज केला. लॅब संध्याकाळी उघडी राहायला लागली. त्या लॅबमध्ये बसून मी डिग्री पूर्ण केली. तिथे पडद्यावर कुणाचंच नाव येत नव्हतं.

आता मी नोएडाला नोकरी करते. मयूर विहारला भाड्याचं घर आहे, आई-बाबा माझ्याजवळ राहतात. गेल्या महिन्यात एक फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. पाठ आपोआप ताठ झाली.

"बेटा, ओळखलंस का? अगं, रिटायर झालो. आता एक ट्रस्ट काढलाय. गरीब, हुशार मुलांना कॉम्प्युटर देतो. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. तू ये. स्टेजवर थोडंसं बोल. कोण होतीस, आज कोण आहेस. मुलांना प्रेरणा मिळेल."

"येते, सर," मी म्हटलं. "पण मग सगळंच बोलेन. फडक्याचं, असाइनमेंटचं, वरच्या खोलीचं."



"अजून मनात धरून बसलीस? आम्ही तर तुझं चांगलंच केलं होतं."

"मुलांना कॉम्प्युटर द्या, सर. त्यांना स्टेजवर उभं करू नका."

"बाबांना फोन दे."

"नाही," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, कोण. मी सांगितलं. ते मग म्हणाले, "हो म्हणायला हवं होतंस. माणसं तशी वाईट नव्हती."

एवढी वर्षं गेली. माझे बाबा अजून तिथेच चपलांजवळ उभे आहेत. त्यांना तिथून कसं आणायचं, मला माहीत नाही. कदाचित आणता येणार नाही. मी त्यांच्याशी भांडले नाही. पण बदललेही नाही.

रविवारी मी जाणार आहे. स्टेजवर नाही. हॉलच्या बाहेर उभी राहणार आहे. आतून एखादी मुलगी बाहेर येईल, टाळ्या झाल्यावर, बापाच्या मागे मागे, हातात खोका घेऊन, खाली बघत. मी तिला थांबवणार आहे. तिला सांगणार आहे, हा ठेव, वापर, तुझा आहे. पण उद्या ते बोलावतील, काम सांगतील, पाहुण्यांसमोर उभं करतील, तेव्हा नाही म्हण. आवाज कापेल. कापू दे. घर जाईल. मी खोटं सांगणार नाही, जाऊ शकतं. माझं गेलं.

तरी नाही म्हण.