आमेरला गेलेला मराठीचा वर्ग

किस्से मी गोळा करत नाही. ते साचतात. आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा. भट्टीखाली राख साचते, तसे हे साचतात. ती राख आम्ही कधी फेकत नाही, तिच्यात सोन्याचे कण असतात.

मी विट्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. मराठी मात्र पूर्ण! तरुणपणी जयपूरला आलो, मुरलीपुऱ्यात घर केलं. नात गार्गी इथंच जन्मली. मुलगा-सून ऑफिसात, घरात दिवसभर आम्ही दोघंच. ती 'दादाजी' म्हणते. त्या हाकेला मी ओ देत नाही. मराठीत हाक मार, मग बोलू. ती मारत नाही, मी बोलत नाही. आणि साऱ्या जयपुरात बोलावंसं वाटतं ते तिच्याशीच.

म्हणून तिला बनी पार्कात कुलकर्णी बाईंच्या रविवारच्या वर्गात घातलं. वर्गाची सहल आमेरच्या किल्ल्यावर निघाली, तेव्हा मीही बसमध्ये चढलो. मराठी कानावर पडेल, एवढाच लोभ.

*

बाईंनी नियम केला. दिवसभर फक्त मराठी. जो हिंदी बोलेल त्याने गाणं म्हणायचं.

बस सुटली आणि सगळे गप्प! पोरं गप्प, मोठे गप्प. खिडकीबाहेर बघत बसले. माझे कान तसेच कोरडे.

अर्ध्या वाटेत ड्रायव्हर भंवरजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "बाबूजी, कोई गुज़र गया क्या?"

*

वर्गात पूजा नावाची सूनबाई आहे. माहेर इथलं, राजा पार्कातलं. सासर नागपूरचं. सासूबाई रोज फोन करतात.

किल्ल्याचा चढ चढता चढता तिने बाईंना गाठलं. "बाई, फळं झाली, भाज्या झाल्या, आठवड्याचे वार झाले. भांडायचं कधी शिकवणार?"

बाई म्हणाल्या, "आधी सासूबाईंना वर्गात आणा. दोघींना एकदमच शिकवते!"

*

किल्ल्यावर गाईड चांगला होता. भिंती दाखवल्या, पाण्याची टाकी दाखवली. मग छाती फुगवून म्हणाला, "मराठा फ़ौजें यहाँ वसूली करने आती थीं।"

सगळी पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. फेट्यातला तिथं मी एकटाच!

एका पोराने भीत भीत विचारलं, "आजोबा, तुम्ही पण होता?"

मी म्हणालो, "नाही. मी उशिरा आलो."

*

डबे उघडले तेव्हा वानरं आली. मघाच्याच त्या पोराच्या हातातली पुरणपोळी एकाने ओढून नेली. पोरगं बोंबललं, "अरे, मेरी है! वापस दे!"

सगळे ओरडले, "हिंदी! गाणं म्हण!"

पोरगं रडवेलं झालं, पण हटलं नाही. "मी त्याच्याशी बोललो! तो जयपूरचा आहे, बाई!"

बाईंनी विचार केला आणि गाणं माफ केलं.

*

जेवण झाल्यावर बाईंनी समोरचे डोंगर दाखवले. अरवलीचे. उन्हाने करपलेले, मधेच मोर ओरडत होता. पूजाने मला विचारलं, "काका, तुमच्या गावाला डोंगर आहेत?"

"आहेत."

"यांच्यापेक्षा मोठे?"

"मोठे!"

बाई आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या. त्यांनी आमच्याकडच्या टेकड्या पाहिलेल्या. त्या हसल्या, "काका, खरंच?"

मी म्हणालो, "इथून मोठेच दिसतात."

*

शेवटी किल्ल्याखालच्या बावडीवर गेलो. बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. पोरं बाईंबरोबर चार टप्पे खाली उतरली. माझे गुडघे दुखत होते. मी वर कठड्याशी उभा राहिलो.

गार्गीला खाली पाण्यावर खंड्या दिसला. निळाभोर. तो मला दाखवायचा होता. तिने हाक मारली, "दादाजी!"

मी आभाळाकडे बघत राहिलो.

पुन्हा, "दादाजी!"

मी हललो नाही. खंड्या उडेल म्हणून तिचा जीव वरखाली होत होता. मग खालून हाक आली, शेवट लांबवलेली, थेट आमच्या गावाकडची:

"आवं, ऐकलं काऽऽ?"

चारी बाजूंच्या पायऱ्यांवरून ती हाक वर आली. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. तिने जन्मात माझं नाव घेतलं नाही. स्वयंपाकघरातून असंच बोलवायची.

वर्ग खो खो हसला. पूजा तर पायरीवरच बसली. बाईंनाही हसू आवरेना. "अगं गार्गी, आजोबांना असं नाही गं म्हणायचं! असं फक्त बायको..."

गार्गी रडकुंडीला आली. "दादी तो ऐसे ही बुलाती थी. और ये हर बार आते थे!"

मी कठडा धरला, पहिली पायरी उतरलो आणि म्हणालो,

"आलो गं."